क्वेकर आईचा मुलगा आणि ‘होय तर होय’

प्रश्न : सप्रेम नमस्कार. १९७१ च्या डिसेंबरात मी शाळकरी मुलगा होतो. नौपाड्यातल्या आमच्या घरी खिडक्यांच्या काचांना आम्ही खळीने काळे कागद चिकटवले होते आणि अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी वडील रेडिओला कान लावून ऐकत होते. तेव्हापासून अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांचे नाव आमच्याकडे शिवीसारखेच उच्चारले जाई. परवा तलावपाळीवर फिरताना एका मित्राने सांगितले, की हे गृहस्थ युद्ध निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथात वाढलेले होते. मित्राच्या मते खुर्ची मिळाली की संस्कार गळून पडतात. मला वाटते, मुळात संस्कारच नावापुरते असणार. कोणाचे खरे? आणि पंथाने त्यांना बाहेर कसे काढले नाही?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण दोघांनीही निक्सन यांना शांततेची पट्टी लावली आहे. ती लावायला हरकत नाही, पण क्वेकरांकडे दुसरीही एक पट्टी आहे, सत्याची. आणि माझ्या मते निक्सन यांचे खरे माप तिनेच निघते.

आधी घराविषयी. रिचर्ड निक्सन यांचा जन्म १९१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडा येथे झाला. आई हॅना क्वेकर घराण्यातली. वडील फ्रँक मूळचे मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथातले, लग्नानंतर क्वेकर झालेले, तापट आणि वादाला सदैव तयार. १९२२ मध्ये हे कुटुंब क्वेकरांनीच वसवलेल्या व्हिटियर गावी आले आणि तिथे त्यांनी किराणा दुकान व पेट्रोल पंप चालवला. पहाटे चारला उठून लॉस एंजेलिसच्या बाजारातून भाजी आणायची, ती धुऊन दुकानात मांडायची आणि मग शिकायला जायचे, असा तरुण रिचर्डचा क्रम होता. वाशीच्या घाऊक बाजारात पहाटे गाडी घेऊन जाणाऱ्या दुकानदारांच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. रविवारचा बराचसा वेळ चर्चमध्ये जाई. आई मात्र स्वतःची प्रार्थना कोठीत जाऊन, दार लावून करत असे. तेव्हा संस्कार नावापुरते होते, हे आपले म्हणणे मला पटत नाही.

मात्र ‘क्वेकर’ या एका शब्दाखाली बरेच काही येते. माळकरी म्हटले म्हणून सगळी घरे सारखी नसतात, तसेच हे आहे. इंग्लंडातले किंवा फिलाडेल्फियाचे जुने क्वेकर पाद्रीविना एकत्र बसतात आणि कोणाला अंतरातून काही स्फुरेपर्यंत गप्प राहतात. निक्सन कुटुंबाच्या ईस्ट व्हिटियर येथील चर्चमध्ये पाद्री होता, प्रवचन होते आणि गाणेही होते. युद्धाविषयीची पंथाची भूमिका तिथे ठाऊक होती, पण ती प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर सोडलेली असे. दुसऱ्या महायुद्धात निक्सन यांना क्वेकर म्हणून सैन्यातून सूट मागता आली असती. ती न मागता ते १९४२ मध्ये नौदलात गेले. हा निर्णय खुर्ची मिळण्याच्या कितीतरी आधीचा आहे, त्यामुळे आपल्या मित्राचे म्हणणेही इथे अडते.

आता सत्याविषयी. क्वेकर शपथ घेत नाहीत. बोलणे ‘होय तर होय, नाही तर नाही’ एवढेच असावे, या बायबलमधल्या वचनावर त्यांची श्रद्धा असते. शपथेवर खरे बोलायचे म्हटले तर एरवीच्या बोलण्याचे काय, असा त्यांचा साधा सवाल आहे. आपल्याकडे मंत्री ‘ईश्वरसाक्ष’ शपथ घेतात किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करतात. अमेरिकेच्या राज्यघटनेतही असा पर्याय आहे. निक्सन यांनी १९६९ मध्ये अध्यक्ष होताना तो न घेता घरातल्या दोन बायबलांवर हात ठेवून शपथच घेतली. दोन्ही पोथ्या बायबलातल्या यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ज्या पानावर उघडलेल्या होत्या, तिथे तलवारींचे नांगराचे फाळ करण्याचे वचन आहे. त्या भाषणात त्यांनी शांतिदूत ही पदवी इतिहासाने द्यावयाचा सर्वांत मोठा मान असल्याचे सांगितले आणि पुढे हेच शब्द त्यांच्या थडग्यावरही कोरले गेले.

त्यानंतर दोनच महिन्यांत कंबोडियावर गुप्त बॉम्बफेक सुरू झाली. व्हिएतनामचे युद्ध त्यांना वारशाने मिळाले होते, हे मान्य करू. पण बॉम्ब कंबोडियात पडत असताना ते दक्षिण व्हिएतनाममध्ये पडल्याच्या खोट्या नोंदी लष्करी कागदांत केल्या जात होत्या. १९७१ मध्ये ढाक्यातले त्यांचेच राजनैतिक अधिकारी पाकिस्तानी लष्कराने चालवलेल्या कत्तलीबद्दल तारांवर तारा पाठवत होते. त्यांच्याकडे काणाडोळा करून निक्सन पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांच्या पाठीशी राहिले, कारण चीनकडे जाणारी वाट पाकिस्तानातून होती. आरमार त्यानंतर आले. एक गोष्ट त्यांच्या पारड्यात टाकलीच पाहिजे : जैविक अस्त्रांचा त्याग, चीनची भेट, रशियाशी अस्त्रमर्यादेचा करार आणि सक्तीच्या सैन्यभरतीचा शेवट, हे सारे याच माणसाच्या हातून झाले. म्हणूनच शांततेच्या पट्टीने हिशेब कधी पुरा लागत नाही.

सत्याच्या पट्टीने तो लागतो, आणि तोही त्यांच्याच आवाजात, कारण फेब्रुवारी १९७१ पासून कार्यालयातले बोलणे ध्वनिमुद्रित होत होते. २३ जून १९७२ च्या फितीत वॉटरगेटचा, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेल्या घुसखोरीचा, तपास गुप्तचर खात्यामार्फत थांबवण्याच्या बेताला ते संमती देताना ऐकू येतात. ही फीत ५ ऑगस्ट १९७४ ला उघड झाली आणि ९ तारखेला त्यांनी पद सोडले. आधी छापलेल्या संभाषणांत इतक्या ठिकाणी ‘अपशब्द वगळला’ असे लिहावे लागले होते, की तो शब्दप्रयोग अमेरिकेत थट्टेचा विषय झाला. निरोपाच्या भाषणात मात्र ते रडवेल्या आवाजात आईला संत म्हणाले. मला ते ढोंग वाटत नाही. आईचे बंद दाराआडचे मौन त्यांनी उचलले. दाराआडही खरेच बोलायचे असते, हे मात्र उचलले नाही.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. व्हिएतनाम युद्धाच्या काळात देशभरातल्या अनेक क्वेकरांनी ईस्ट व्हिटियरला त्यांचे सभासदत्व रद्द करण्याची विनंती केली होती. पण क्वेकरांना पोप नाही की केंद्रीय गादी नाही. ज्या चर्चच्या यादीत नाव असते, त्यानेच काय ते ठरवायचे. गावच्या चर्चने नाव काढले नाही.