सोलापूरचा माझा भाचा अमेरिकेत लूथरन पंथाचा पाळक (चर्चचा धर्मगुरू) व्हायला शिकतोय. तिसऱ्या वर्षी त्याला कॉलेजबाहेर का पाठवलं?

काळजी नको, नापास वगैरे झालेला नाही. तिथल्या चार वर्षांच्या एम.डिव्ह. या धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात साधारण तिसरं वर्ष मंडळीतच, म्हणजे एखाद्या चर्चच्या भाविकांमध्येच, काढायचं असतं. मिसूरी सिनड या लूथरन चर्चसंघटनेतले लोक अशा उमेदवाराला ‘व्हिकर’ म्हणतात. अनुभवी पाळकाच्या हाताखाली उपदेश, आजाऱ्यांच्या भेटी, दृढीकरणाचे (बाप्तिस्मा झालेल्यांची श्रद्धा पक्की करणारे) वर्ग, शिवाय कमिटीच्या लांबलचक मीटिंगा (त्या सोलापुरात काय नि मिनेसोटात काय, सारख्याच!). बऱ्याच ठिकाणी मंडळीतलीच काही माणसं उपदेश ऐकून तोंडावर सांगतात, की आवाज मागच्या बाकापर्यंत आला नाही, शेवट फार ताणला. माझ्या मते खरं शिक्षण हेच. पाळकपदाची दीक्षा झालेली नसल्याने प्रभुभोजनाचा (भाकर-द्राक्षारसाचा) विधी मात्र सहसा पाळकच चालवतात. मग शेवटच्या वर्षाला परत सेमिनरी, म्हणजे त्याचं पाळक घडवणारं कॉलेज. यंदा नाताळला त्याची सोलापुरात वाट बघू नका, मंडळीत तेव्हाच सगळ्यात जास्त काम असतं.