'सर्व अ हे ब आहेत' यावरून 'काही अ हे ब आहेत' हा निष्कर्ष निघतो का?

बँकेच्या परीक्षेचा क्लास 'निघतो' म्हणतो आणि कॉलेजचं तर्कशास्त्राचं पुस्तक 'निघत नाही', असं तुम्ही लिहिलंय. चूक कुणाचीच नाही. 'अ' मुळात एक तरी आहे का, एवढाच वाद.

ॲरिस्टॉटलच्या परंपरेत पद (म्हणजे 'अ'सारखा गट) रिकामं नसतं असं धरून चालतात. १९व्या शतकात बूल आणि व्हेन या तर्कशास्त्रज्ञांनी ते गृहीतक काढून टाकलं. त्यांच्या लेखी 'सर्व अ ब आहेत' म्हणजे 'ब नसलेला एकही अ नाही', बस. दिंडोरीच्या एखाद्या द्राक्षबागेबाहेर पाटी असते: 'आत शिरणाऱ्या सर्वांना दंड होईल.' कुणीच शिरलं नाही म्हणून पाटी खोटी ठरत नाही.

दोन विधानांवरून तिसरं काढणाऱ्या तर्काला संविधान (syllogism) म्हणतात. त्याच्या २५६ आकारांपैकी जुन्या पद्धतीत २४ वैध, नव्या पद्धतीत १५. गळालेल्या नऊंपैकी एक बघा: सर्व म प आहेत, सर्व म स आहेत, म्हणून काही स प आहेत. म, प, स यांची एकमेकांत शिरणारी तीन वर्तुळं काढा. काळा भाग म्हणजे 'तिथे कोणी नाही', फुली म्हणजे 'किमान एक आहे'. 'म'चा 'प'बाहेरचा भाग काळा करा, मग 'स'बाहेरचा. 'म'चा फक्त मधला तुकडा कोरा उरतो. पोरं इथेच फसतात, कोरा तुकडा म्हणजे 'तिथे कोणीतरी आहे' असं समजतात. कोरा म्हणजे 'माहीत नाही'. 'किमान एक म आहे' हे वेगळं दिलं असेल तरच तिथे फुली मारायची. बँकेच्या पेपरात मात्र ती फुली गृहीत धरा, वाद घालू नका.

'काही'चा अर्थ 'किमान एक', मग सगळे असले तरी चालतात. बोलताना आपण 'काही घड सडले' म्हटलं की बाकीचे चांगले असं ऐकतो. तो अर्थ पेपरात नेलात तर 'दोन निष्कर्षांपैकी एक तर हा, नाही तर तो' हा उत्तराचा पर्याय कोसळतो. 'काही स प आहेत' आणि 'एकही स प नाही' यांतलं एक खरं असतंच, पण 'काही' म्हणजे 'फक्त काही' धरलं की 'सगळे' ही तिसरी शक्यता उपटते.

आणि खास मराठी घोळ नकाराचा. 'सीबीएसवरच्या (नाशिकच्या बस स्थानकावरच्या) सगळ्या बस त्र्यंबकला जात नाहीत' यातून आपण 'काही जात नाहीत' असं ऐकतो. 'चातुर्मासात घरातले सगळे कांदा खात नाहीत' यातून मात्र 'एकही खात नाही'. रचना तीच. पेपर दोन्ही भाषांत असेल तर अशा वाक्याची इंग्रजी ओळ पाहूनच वर्तुळं काढा.