टेंडर निघायचं लंडनला, मग देशी मालाला प्राधान्य कसलं?

प्रश्न : इंग्रजांच्या काळातही सरकारी कामांना देशी माल आधी घ्यायचा असा नियम होता म्हणे. खरं का? आणि आपल्या गोव्यात काय होतं? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नियम होता हो, कागदावर. १८८० च्या दशकापासून सरकार सांगत होतं की इथे बनतं ते इथेच घ्या, फक्त दर्जा विलायतीच्या तोडीचा हवा आणि भाव चढा नको. विटा, चुना, लाकूड इथलंच यायचं, त्यात काही प्रश्न नव्हता. खरी गोम लोखंड आणि यंत्रांत. पुलाला गर्डर पाहिजे तर इथला इंजिनियर इंडेंट म्हणजे मागणीपत्र भरणार, ते जाणार लंडनला इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या तिथल्या सरकारी कचेरीच्या) स्टोअर खात्याकडे, टेंडर तिथेच, भाव पौंडात, तपासणीही तिथेच आणि मग माल बोटीने इकडे. आता मला सांगा, कलकत्त्याचा कारखानदार यात शिरणार कुठून?

टाटांचं बघा. त्यांचं पोलाद १९१२ ला निघालं, पण रेल्वे बोर्डाने त्याआधीच १० वर्षं दरसाल २०,००० टन रूळ घ्यायचं कबूल केलेलं. नव्या कारखान्याला केवढा आधार! पण भाव आयात मालाइतकाच, एक पैसा वर नाही. याला हमखास गिऱ्हाईक म्हणा, प्राधान्य मी तरी म्हणणार नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात विलायतेहून माल येईना तेव्हा कुठे सरकारचे डोळे उघडले. १९२२ ला इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सरकारी खरेदीचं इथलंच खातं, निघालं, आणि १९३१ पासून टेंडर रुपयात, माल इथे पोच अशी पद्धत सुरू झाली, शिवाय देशी मालाला भावात थोडी सवलतही. माझ्या मते खरा फरक पडला तो रुपयातल्या टेंडरने, सवलत त्यामानाने किरकोळ. आजचा २०१७ चा मेक इन इंडियावाला खरेदीचा आदेश त्याच वाटेवरचा, फक्त आता मालात देशी वाटा किती टक्के तेही मोजतात.

गोव्यावर राज्य पोर्तुगीजांचं, त्यामुळे हे नियम इथे लागूच नव्हते. पण मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातून आली, बांधली लंडनच्या कंपनीने आणि भांडवलावरच्या व्याजाची हमी घेतली पोर्तुगीज सरकारने. धंदा झाला नाही तरी व्याज चालूच! देशी माल की विलायती, हे गोव्यात कोणी विचारायचा सवालच नव्हता.