घरातील स्मार्ट उपकरणे घेताना खुल्या मानकांचा आग्रह धरावा का?

आपण विचारले आहे की, पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या सदनिकेत दिवे, पंखे आणि गीझर मोबाइलवरून चालवायचे आहेत, पण दुकानदार प्रत्येक कंपनीचे वेगळे ॲप दाखवतो; मग एकाच कंपनीचे सगळे सामान घ्यावे, की खुल्या मानकांचा, म्हणजे कोणत्याही कंपनीला वापरता येतील अशा जाहीर नियमांचा, आग्रह धरावा? माझ्या मते आग्रह धरावा, आणि त्यासाठी काही वस्तूंना थोडे थांबावे लागले तरी थांबावे.

मी नाशिकमधील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या नियंत्रणाचे काम करतो. तेथे एका कंपनीचा पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक), दुसरीचा एनर्जी मीटर आणि तिसरीचा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) एकाच केबलवर जोडलेले असतात आणि त्यांचे जमते, कारण तिघांनाही मॉडबस ही यंत्रांची सामाईक भाषा समजते. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये काढलेल्या या पद्धतीचे नियम कोणालाही वाचता येतात, आणि कोणत्या रजिस्टरमध्ये (मीटरच्या स्मृतीतल्या कप्प्यात) कोणता आकडा आहे हे मीटरच्या पुस्तिकेतच छापलेले असते. त्यामुळे मीटर बनवणारी कंपनी उद्या बंद पडली तरी मीटर वाचता येतो.

घरी मात्र मी हे भान ठेवले नाही. आईला रात्री उठावे लागते म्हणून पॅसेजमध्ये ठरलेल्या वेळी मंद होणारा दिवा बसवला होता. काही वर्षांनी त्या कंपनीने आपला सर्व्हर बंद केला आणि दिवा चांगला असूनही तो फक्त भिंतीवरच्या बटणाने पूर्ण उजेडात लागू लागला. मोबाइलवरून दिलेली आज्ञा चार हातांवरच्या दिव्याकडे थेट न जाता कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येत होती आणि दिव्याची भाषा दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हती, हे मला तेव्हा उमगले.

घरगुती उपकरणांसाठी अशी सामाईक भाषा आता आली आहे. ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि तेव्हाची झिगबी अलायन्स ही कंपन्यांची संघटना यांनी डिसेंबर २०१९ मध्ये एकत्र काम सुरू केले आणि त्यातून ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ या खुल्या मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. मॅटरचे उपकरण घरातल्या नेटवर्कवरच आज्ञा घेते, आणि एकच दिवा एकाच वेळी दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्रणालींना जोडता येतो. म्हणजे आपण एक आणि मुलगा दुसरी प्रणाली वापरत असला तरी अडत नाही.

दिवे आणि प्लग पहिल्या आवृत्तीपासून आहेत, म्हणून ते आजच घ्यावेत. पंख्यांना स्वतंत्र स्थान ऑक्टोबर २०२३ च्या १.२ आवृत्तीत मिळाले, तर पाणी तापवणारी उपकरणे नोव्हेंबर २०२४ च्या १.४ मध्ये आली. त्यामुळे गीझर साधाच घ्यावा आणि त्याच्यासाठी १६ अँपिअरचा मॅटर स्विच किंवा प्लग लावावा. घेताना वाय-फायवर चालणारे उपकरण आणि थ्रेड या कमी विजेवर चालणाऱ्या वेगळ्या बिनतारी जाळ्यावरचे उपकरण यांतले कोणते आहे ते विचारून घ्या, कारण थ्रेडसाठी घरात बॉर्डर राउटर, म्हणजे ते जाळे घरच्या नेटवर्कला जोडणारे उपकरण, लागतो.

खोक्यावर मॅटरचे चिन्ह असले, तरी कंपनीच्या खास सोयी तिच्याच ॲपमध्ये असू शकतात. म्हणून दुकानदाराला राउटरची इंटरनेटची तार काढायला सांगा, वाय-फाय मात्र चालू ठेवा, आणि मग मोबाइलवरून दिवा मंद करून पाहा. आपल्याला हवी असलेली सोय तेव्हाही चालली, तरच पैसे द्या. शिवाय प्रत्येक उपकरणावर छापलेला, ते प्रणालीला जोडताना लागणारा क्यूआर कोड आणि अकरा अंकी क्रमांक यांचे छायाचित्र काढून जपून ठेवा. इलेक्ट्रिशियनने दिवा एकदा फॉल्स सीलिंगमध्ये बसवला की तो क्रमांक वाचण्यासाठी पुन्हा शिडी लावावी लागते.