ठाण्यात बीएससी करताना मॉलिक्युलर बायोलॉजीसोबत जर्मन शिकणं झेपेल का? त्याचा फायदा आहे का?

झेपतं. फायदाही आहे, पण संशोधनाचे पेपर वाचायला नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलीचे मामा म्हणतात, 'सायन्स सगळं इंग्रजीत आहे, जर्मन कशाला?' आमच्या नौपाड्याच्या घरी मोठ्या काकांचं हेच पालुपद मी बीएससी संपेपर्यंत ऐकलं. आठवडाभर प्रॅक्टिकल आणि जर्नल, रविवारी काळा घोड्याला मॅक्समुल्लर भवनात क्लास, त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. घरी आलं की काका विचारणार, 'याचे मार्क धरतात का?' धरत नव्हते.

पुढे मास्टर्सला जर्मनीत ट्युबिंगेनला गेले. लेक्चर इंग्रजीत, सेमिनार इंग्रजीत, इथवर काका बरोबर. पण लॅब खऱ्या अर्थाने चालवायच्या त्या निवृत्तीला आलेल्या टेक्निशियन बाई, आणि त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं. आम्ही उंदराचे न्यूरॉन वाढवत होतो. पेशी प्लेटवर टाकल्या की दोन-तीन दिवसांत मरायच्या. छापील इंग्रजी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या कृतीत, 'पॉलिलायसिनने (पेशी प्लेटला चिकटाव्यात म्हणून लावतात ते) कोट करा' एवढीच ओळ. पीएचडीची मुलं मीडियम (पेशी ज्यात वाढवतात तो द्रव) बदलून थकली. मी कॉफीच्या वेळी बाईंना जर्मनमध्ये विचारलं. त्या उठल्या, कपाटातून हाताने लिहिलेली वही काढली आणि ओळीवर बोट ठेवलं: कोटिंग झालं की निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, प्लेट पूर्ण सुकू द्या, न चिकटलेलं पॉलिलायसिन पेशींना विषारी असतं. पुढच्या बॅचला पेशी जगल्या, त्यांना फाटे फुटले. त्या वहीतलं निम्मंअधिक ज्ञान कुठल्याच पेपरात आलेलं नव्हतं. तेव्हापासून बाई मला रोज काहीतरी दाखवायच्या, आणि मी तिथे जे शिकले त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून.

सायन्स पहिल्यापासून इंग्रजीतच होतं असं मानणाऱ्यांसाठी: याच ट्युबिंगेनच्या किल्ल्यात, जुन्या स्वयंपाकघरातल्या प्रयोगशाळेत, १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशरने इस्पितळातल्या पू लागलेल्या पट्ट्यांमधून 'न्यूक्लीन' वेगळं केलं. तोच आपला डीएनए. त्याचा १८७१ चा पेपर जर्मन, आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचा १८६६ चा वाटाण्यांचा पेपरही जर्मन.

ए१ चं, म्हणजे भाषेच्या पहिल्या पायरीचं, सर्टिफिकेट घेऊन थांबायचं असेल तर पैसे वाचवा. बी१ या तिसऱ्या पायरीपर्यंत जायचं ठरवूनच सुरुवात करावी. त्याच्या आत घरमालकाशी, विमावाल्याशी, टेक्निशियनशी धड बोलणं होत नाही. एफवायलाच सुरू करा, टीवायला प्रोजेक्टमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. यूजीसीने २०२२ पासून एका वेळी दोन पूर्ण पदव्यांना परवानगी दिली आहे, पण प्रॅक्टिकलची हजेरी सांभाळून भाषेची दुसरी पदवी करू नये, क्लास पुरे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचं स्वप्न असेल तर अर्थात फ्रेंच. मात्र भाषा मुलीने निवडू दे, मामांनी नाही.

राहिलं ते असं. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे सरसकट खरं नाही. ट्युबिंगेन ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. आणि मुलीला खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) ठिकाणी इथेच राहून संशोधन करायचं असेल तर जर्मनच्या आधी स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंग शिकू द्या.