कंट्री, हिप-हॉप आणि वंशाचा प्रश्न : वाचकांची पत्रे

प्रश्न : गोरा कंट्री गायक ब्रॅड पेस्ली आणि कृष्णवर्णीय रॅपर एल. एल. कूल जे यांचं 2013 चं 'अ‍ॅक्सिडेंटल रेसिस्ट' ऐकलं. दोघंही समजूतदारपणे बोलतायत असं वाटलं. मग त्यावर एवढा गदारोळ का झाला? (सोलापूर)

उत्तर : हेतू सोडा, गाणं रचलंय कसं ते बघा. एक गोरा दक्षिणी माणूस कॉफीच्या दुकानात जातो. अंगात लिनर्ड स्किनर्ड या रॉक बँडचा टी-शर्ट, त्यावर कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणी राज्यांचा. काउंटरमागच्या माणसाला तो सांगतो, मी फक्त बँडचा चाहता आहे. जवळजवळ सहा मिनिटांच्या गाण्यात 'मी' हा असा मुख्यतः पेस्लीचाच. कूल जे बऱ्याच उशिरा येतो आणि आल्या आल्या तडजोडीला बसतो : माझ्या डोक्यावरच्या फडक्यावरून मला जोखू नकोस, मी तुझ्या झेंड्यावरून तुला जोखणार नाही, माझ्या सोन्याच्या साखळ्या खपवून घे, मी लोखंडी साखळ्या विसरतो.

लोक बिथरले ते या सौद्यावर. एका पारड्यात कपड्यांची आवड आणि दुसऱ्यात अडीच शतकांची गुलामगिरी. शिवाय विसरण्याचं काम कृष्णवर्णीय पाहुण्याकडे दिलेलं. यजमानाला टी-शर्टसुद्धा बदलावा लागत नाही.

झेंड्याचा इतिहासही गाण्यात अर्धाच येतो. त्यात यादवी युद्ध आहे, युद्धानंतरची पुनर्बांधणी आहे, दक्षिणेचा सेनापती जनरल ली आणि लिंकनही आहेत. पण हा झेंडा विसाव्या शतकात पुन्हा वर काढला गेला तो नागरी हक्कांना विरोध म्हणून. 1948 मध्ये वंशभेद टिकवू पाहणाऱ्या डिक्सीक्रॅटांनी तो नाचवला, 1956 मध्ये जॉर्जियाने तो राज्याच्या ध्वजात घातला. दक्षिण कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या आवारातून तो उतरला 2015 मध्ये, चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यावर. म्हणजे गाण्यातल्या आजोबा-पणजोबांच्या काळाइतकाच तो वडिलांच्या काळाचाही मामला आहे. (जाता जाता : पेस्ली पश्चिम व्हर्जिनियाचा. ते राज्य युद्धात व्हर्जिनियापासून फुटून 1863 मध्ये उत्तरेच्या बाजूने संघराज्यात आलं. दक्षिणेचा वारसा सांगायला त्याला तसं थोडं लांब जावं लागतं.)

प्रश्न : 'ओल्ड टाऊन रोड'मध्ये वंशाबद्दल अवाक्षर नाही. घोडा, टोपी आणि रस्ता, एवढंच. तरी वंशाच्या चर्चेत त्याचं नाव सगळ्यांत आधी येतं. का? (ठाणे)

उत्तर : कारण गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या काढणाऱ्या बिलबोर्डने त्याला कुठे बसवलं आणि कुठून उठवलं. मार्च 2019 मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय रॅपरचं हे गाणं 'हॉट कंट्री साँग्ज' यादीत 19व्या क्रमांकावर आलं आणि मग काढून टाकलं गेलं. आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे घटक त्यात नाहीत, असं कारण देण्यात आलं. निर्णयाचा वंशाशी संबंध नाही, असंही बिलबोर्डने सांगितलं.

हे पचायला जड जातं. फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या गोऱ्या जोडीचं 'क्रूझ' 2013 मध्ये रॅपर नेलीच्या रिमिक्ससह गाजलं आणि याच यादीत एकूण 24 आठवडे पहिलं राहिलं. तिथे रॅपमुळे कंट्रीपण कमी पडलं नाही.

मुळात ही विभागणीच दुकानदारीतून आली. 1920 च्या दशकात कोलंबिया कंपनीच्या 14000-डी मालिकेत कृष्णवर्णीयांसाठीच्या 'रेस' तबकड्या असत आणि 15000-डी मालिकेत गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठीच्या. स्टुडिओत मात्र सरमिसळ चालायची. 1930 मध्ये जिमी रॉजर्स या गोऱ्या कंट्री गायकाच्या 'ब्लू योडेल नं. 9' मध्ये कृष्णवर्णीय लुई आर्मस्ट्राँगने ट्रम्पेट वाजवला, पियानोवर लिल हार्डिन. या विषयातलं ऐकणं इथूनच सुरू करा. कंट्रीतली ही भागीदारी हिप-हॉपहून बरीच जुनी आहे. पुढे 1966 मध्ये चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय कंट्री गायकाच्या सुरुवातीच्या तबकड्या रेडिओ स्टेशनांकडे गेल्या त्या त्याच्या फोटोशिवाय.

एप्रिल 2019 मध्ये बिली रे सायरस या गोऱ्या कंट्री गायकाबरोबरचं रिमिक्स आलं आणि गाणं 'हॉट 100' या बिलबोर्डच्या मुख्य यादीवर 19 आठवडे पहिलं राहिलं. कंट्री यादीत मात्र ते परतलं नाही. पाच वर्षांनी शबूझी या कृष्णवर्णीय गायकाच्या 'अ बार साँग'ने 19 आठवड्यांची बरोबरी केली आणि ते कंट्री यादीतही पहिलं आलं. त्याच वर्षी बियॉन्सेच्या 'काऊबॉय कार्टर'ला कंट्री म्युझिक असोसिएशनचं एकही नामांकन मिळालं नाही. 2025 च्या ग्रॅमीत तोच सर्वोत्तम कंट्री अल्बम ठरला. दार उघडलं की नाही, हे कोणत्या दाराशी उभं राहून विचारता त्यावर आहे.

प्रश्न : या गाण्यांतला बँजो म्हणजे आपल्या गणपती मिरवणुकीतला बेंजोच का? (चिपळूण)

उत्तर : नाही. मिरवणुकीतला बटणांचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचं सुधारलेलं रूप, मूळ जपानच्या ताईशोगोतो या वाद्यात. अमेरिकन बँजोच्या तोंडावर कातडं किंवा प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो. त्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले, भोपळ्याला कातडं मढवलेले. सेनेगल-गांबियाकडचा अकोंटिंग त्याच घराण्यातला. गुलामांबरोबर ते कॅरिबियनमार्गे अमेरिकेत आलं, आणि 1830-40 नंतर कृष्णवर्णीयांची नक्कल करायला तोंडाला काळं फासून नाचणाऱ्या गोऱ्या कलावंतांनी ते रंगमंचावर नेलं. बियॉन्सेच्या 'टेक्सास होल्ड एम'ची सुरुवात रिआनन गिडन्स या कृष्णवर्णीय वादिकेच्या बँजोने होते, ती निवड सहज झालेली नाही.

प्रश्न : आम्हाला ऑनलाइन विकत घेतलेल्या बीटवर (तयार संगीतावर) बँजो आणि मराठी रॅप असं जातीवरचं गाणं करायचंय. काय सांभाळावं? (पुणे)

उत्तर : आधी हक्क. 'ओल्ड टाऊन रोड'चा बीट नेदरलँड्सच्या यंगकिओ या निर्मात्याकडून 30 डॉलरला घेतलेला, पण त्यात नाइन इंच नेल्स या बँडच्या 2008 च्या अल्बममधला तुकडा होता. तो अल्बम मोफत वापरायला खुला होता तो फक्त बिगरव्यावसायिक कामासाठी. गाणं विक्रीला जाताना परवानगी घ्यावी लागली आणि त्या अल्बमच्या ट्रेंट रेझनर व अ‍ॅटिकस रॉस यांची नावं श्रेयात आली. म्हणून विक्रेत्याकडून लेखी घ्या की बीटमध्ये सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा, आहे का. असेल तर दोन परवानग्या लागतात : ध्वनिमुद्रणाची वेगळी, रचनेची वेगळी. स्वस्त परवाना बहुधा सामायिक असतो, तोच बीट आणखी कितीजणांकडे असेल सांगता येत नाही. असं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाणं ओळखून हक्काचा दावा लावणारी यंत्रणा) नोंदवू नका, आपसांत दावे लागतात.

एमपी3 घेऊ नका, वेगवेगळ्या ट्रॅकच्या वेव्ह फाइल्स मागा. एकत्र फाइलमधला बास नंतर हलवता येत नाही. प्रोजेक्ट सुमारे 136 बीपीएमवर (मिनिटाला ठोके) लावून रॅप निम्म्या चालीत, 68 वर मोजा. बँजोची बोटं तेवढ्यात मोकळी चालतात. बँजो 150 हर्ट्झखाली कापा, तिथे बासला जागा लागते. 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये तो दोन-तीन डेसिबल दाबा, नाहीतर च, ट, क ही व्यंजनं त्याच्या टणत्कारात बुडतात आणि अशा गाण्यात शब्द गेले तर सगळंच गेलं.

कडवी वाटताना दोघांनाही 'मी' म्हणून बोलू द्या, आणि ज्याच्यावर अन्याय झालाय त्याचं कडवं शेवटी ढकलू नका.

शेवटची अडचण पट्टीची. पाच तारांचा बँजो जी मेजरच्या मोकळ्या पट्टीत लावतात. बीट ए मध्ये असेल तर दुसऱ्या पडद्यावर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लागतो, पण तो चारच तारांना धरतो. आखूड पाचवी तार सातव्या पडद्याच्या खिळ्यात अडकवून जी वरून ए वर न्यावी लागते. हे विसरलात तर प्रत्येक मात्रेला मागे एक बेसूर तार वाजत राहील, आणि मिक्सिंगमध्ये ती काढता येत नाही.