बेसबॉल कळत नसताना कॉलेजच्या छोट्या मैदानावर सामना पाहायला जावे का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे, की तुम्ही मे अखेरपर्यंत सनीवेलला मुलीकडे आहात, आयुष्यभर क्रिकेट पाहिले आहे, बेसबॉलचे नियम मात्र ठाऊक नाहीत आणि भारतात परतण्यापूर्वी एक तरी सामना पाहायचा आहे. जावई सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कची तिकिटे काढायला निघाले आहेत, तर मुलीच्या मते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लहान मैदानावर जावे. तिथे ‘काहीच वातावरण नसेल’ अशी तुम्हाला शंका आहे. मी मूळचा साताऱ्याचा, गेली बारा वर्षे माउंटन व्ह्यूमध्ये राहतो आणि दोन्ही ठिकाणी पुष्कळ सामने पाहिले आहेत. माझे मत मुलीच्या बाजूने आहे. ओरॅकल पार्क सुंदर आहे, पलीकडे खाडीचे पाणी दिसते, पण सुमारे 41,000 माणसांच्या त्या मैदानात परवडणाऱ्या जागेवरून खेळ फक्त दिसतो. स्टॅनफर्डला तो ऐकूही येतो, आणि ज्याला नियम माहीत नाहीत त्याला हा खेळ डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.

आधी मैदानाविषयी. त्याचे नाव क्लाइन फील्ड अॅट संकन डायमंड असे लांबलचक आहे, पण सगळे संकन डायमंड एवढेच म्हणतात. ‘संकन’ म्हणजे खोलगट, आणि ते अक्षरशः खरे आहे. विद्यापीठाने 1921 मध्ये शेजारचे मोठे फुटबॉल स्टेडियम मातीचे बांध घालून उभारले, तेव्हा त्या कामासाठी माती उकरून जो खड्डा झाला, त्यातच पुढे 1931 मध्ये हे बेसबॉलचे मैदान साकारले. त्यामुळे इथे जिने चढून वर जावे लागत नाही. तुम्ही झाडांमधून चालत येता आणि एकदम पायांखाली हिरवेगार मैदान उलगडते, एखाद्या पायविहिरीच्या काठावर उभे राहावे तसे. प्रेक्षक मावतात सुमारे 4,000, आणि नेहमीच्या सामन्याला तेवढेही येत नाहीत. खड्ड्यामुळे आवाज बाहेर सांडत नाही, आतच फिरत राहतो.

आता हे आवाज काय असतात ते सांगतो, कारण माझ्या उत्तराचा गाभा तोच आहे. पहिला आवाज बॅटचा. व्यावसायिक सामन्यांत लाकडी बॅटच लागते, परंतु कॉलेजच्या खेळात 1974 पासून धातूच्या बॅटला परवानगी आहे, आणि तिचा ‘टण्ण’ असा आवाज नव्याने येणाऱ्याला आधी भांड्यावर पळी आपटल्यासारखाच वाटतो. (चेंडू फारच वेगाने सुटू लागल्यामुळे 2011 पासून या बॅटच्या उसळीवर कडक बंधने आली.) दोन-तीन इनिंग (सामन्यात दोन्ही संघांचे असे नऊ छोटे डाव असतात) कान देऊन बसलात, तर बॅटच्या मध्यावर बसलेला चेंडू आणि कडेला लागलेला चेंडू यांतला फरक न बघता ओळखू येतो, आणि जुने प्रेक्षक चेंडू हवेत असतानाच पुन्हा गप्पांकडे का वळले, याचा उलगडा होतो. दुसरा आवाज कॅचरच्या, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा बॅटरच्या मागे बसतो त्याच्या, हातमोज्याचा. पिचर (चेंडू टाकणारा) आणि होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) यांच्यातले अंतर 18.44 मीटर, म्हणजे आपल्या 20.12 मीटरच्या खेळपट्टीपेक्षा थोडे कमीच, आणि चेंडू मध्ये टप्पा घेत नाही. ताशी 145 किलोमीटरने आलेला चेंडू मोज्यात जो फटाक्यासारखा वाजतो, तो ऐकल्यावर ‘हे लोक नुसते फुलटॉस टाकतात’ ही आपली क्रिकेटवाल्यांची कुचेष्टा तिथल्या तिथे बंद होते. निदान माझी झाली.

तिसरा आवाज माणसांचा. राखीव खेळाडू डगआउटच्या, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेच्या, कठड्याला टेकून उभे असतात आणि जवळजवळ प्रत्येक चेंडूवर काहीतरी ओरडत असतात. आपल्या शाळेच्या कबड्डीच्या संघाला पाठीमागची पोरे जशी चेतवतात तसाच तो प्रकार असतो. शेजारी खेळाडूंचे आई-वडील, मुलाचा क्रमांक छापलेले सदरे घालून बसलेले दिसतात. त्यांच्याशेजारी बसायची संधी सोडू नये, कारण इतक्या आनंदाने नियम समजावून सांगणारी माणसे दुसरीकडे मिळत नाहीत. पाहुण्या संघाचे पालक तर देशाच्या दुसऱ्या टोकाहूनही आलेले असतात. त्याचे कारण असे, की स्टॅनफर्ड 2024 पासून अटलांटिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांच्या गटात खेळते, म्हणजे पॅसिफिकच्या काठावरचा संघ ‘अटलांटिक’ नावाखाली, आणि घरच्या सामन्याला नॉर्थ कॅरोलायना नाहीतर फ्लोरिडाचे पाहुणे. भूगोलाच्या शिक्षकाने डोक्याला हात लावावा अशी ही व्यवस्था आहे, पण दूरदर्शनच्या हक्कांचा पैसा भूगोल पाहत नाही.

माझे वडील 2019 मध्ये आले होते, तेव्हाचा याच मैदानावरचा प्रसंग तुम्हाला उपयोगी पडेल. ते साताऱ्यात क्लबच्या सामन्यांत वर्षानुवर्षे गुणलेखन करत असत. पहिल्या दोन इनिंगमध्ये ते शिष्टाचार म्हणून बसले होते. तिसऱ्या इनिंगला त्यांनी मला विचारले, ‘‘हा डावखुरा आला की ते सगळे उजवीकडे का सरकतात रे?’’ मला नीट उत्तर देता येईना. पुढच्या रांगेत वही आणि शिसपेन्सिल घेऊन बसलेले एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांना मी विचारले. त्यांनी उत्तर तर दिलेच (डावखुऱ्या बॅटरचे जमिनीलगतचे फटके बहुधा त्याच बाजूला जातात, म्हणून), पण त्यांची वही वडिलांच्या नजरेस पडली आणि मग मी दुभाषा म्हणूनच उरलो.

बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाला जागेनुसार 1 ते 9 असा क्रमांक असतो. पिचर 1, कॅचर 2, पहिल्या बेसवरचा 3 (बेस म्हणजे धावताना गाठायचे थांबे), असे करत उजव्या कोपऱ्यातला 9. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला, क्रमांक 6) चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोन जण बाद झाले, तर वहीत फक्त 6-4-3 एवढेच लिहायचे. तीन स्ट्राइकने (मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा फटका हुकला की एक स्ट्राइक) बाद झालेल्याच्या नावापुढे ‘के’ हे अक्षर येते, आणि बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक सोडला असेल तर तेच अक्षर उलटे. ही पद्धत रुजवणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि आधी क्रिकेटचे वृत्तांत लिहिणारा पत्रकार होता, हे त्या गृहस्थांनी सांगितल्यावर वडिलांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते ‘बघ, मूळ आपलेच’ या जातीचे होते. नवव्या इनिंगपर्यंत दोघे जण एकमेकांची नोंद तपासत होते, आणि एका चेंडूवर फलकाने ‘हिट’ दाखवली असताना ती क्षेत्ररक्षकाची चूकच होती यावर त्यांचे एकमत झाले होते. चाळीस हजारांच्या गर्दीत, दर दोन मिनिटांनी कर्ण्यावरून गाणे वाजत असताना हे घडले असते असे मला वाटत नाही.

वातावरण नसेल या तुमच्या शंकेबद्दल आता बोलतो. फेब्रुवारीच्या मध्याला हंगाम सुरू होतो तेव्हा, आणि विशेषतः मंगळवारच्या दुपारी, ती शंका खरी ठरते. बाके रिकामी असतात, पिचरही दुसऱ्या फळीचे असतात आणि वॉकमागून वॉक (पिचरच्या चुकार चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) पाहून कंटाळा येतो. कॉलेजचा सामना तीन तासांपेक्षा जास्त सहज चालतो, त्यातला बराच वेळ पिचर बदलण्यात जातो, हेही आधीच सांगून ठेवतो. क्षेत्ररक्षणाच्या चुका व्यावसायिक खेळाडूंपेक्षा जास्त होतात, पण त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातून झेल सुटतो, आणि पुढच्याच इनिंगला तो तोंड घट्ट मिटून बॅट हातात घेऊन येतो, हे वीस पावलांवरून पाहण्यात एक वेगळी ओढ असते.

पण हेच मैदान जूनमध्ये पाहिले तर ओळखू येत नाही. देशभरातून निवडलेल्या 64 संघांची स्पर्धा होते, त्यांतून 16 आणि मग 8 उरतात, आणि हे 8 संघ नेब्रास्कातल्या ओमाहा शहरी अंतिम फेरीसाठी जातात. ही फेरी 1950 पासून तिथेच भरते. स्टॅनफर्डने 1987 आणि 1988 अशी सलग दोन वर्षे ती जिंकली आहे. ओमाहाच्या अलीकडची पायरी तीन सामन्यांची असते आणि ती एका संघाच्या घरच्या मैदानावर खेळली जाते. 2023 मध्ये स्टॅनफर्ड विरुद्ध टेक्सास ही लढत इथे झाली. पहिला सामना टेक्सासने घेतला. दुसऱ्या दिवशी, 11 जूनला, क्विन मॅथ्यूज या डावखुऱ्या पिचरने पूर्ण सामना एकट्याने टाकला. त्याने 156 चेंडू टाकून 16 जणांना स्ट्राइकआउट केले आणि स्टॅनफर्ड 8-3 असे जिंकले. आजकाल शंभराच्या आसपास चेंडू झाले की पिचरला बाहेर घेतात, त्यामुळे शेवटच्या दोन इनिंगमध्ये माझ्या आजूबाजूला अर्धे लोक उभे राहून टाळ्या देत होते आणि अर्धे ‘त्या मुलाच्या खांद्याचे काय’ म्हणून कोचला दूषणे देत होते. मी दुसऱ्या गटात होतो, पण टाळ्याही वाजवत होतो.

तिसरा सामना 12 जूनच्या संध्याकाळी झाला. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात 6-6 अशी बरोबरी होती आणि स्टॅनफर्डचे दोन जण बाद होते. ड्रू बाउझरने चेंडू उंच मारला, पण तो सरळसरळ झेल होता आणि माझ्या शेजारच्या बाईंनी पर्स खांद्याला लावलीसुद्धा, म्हणजे आता जादा इनिंग, जरा पाय मोकळे करून येऊ. मग टेक्सासच्या क्षेत्ररक्षकांचे हात पसरलेले दिसले. मावळतीच्या त्या राखी-निळ्या आकाशात चेंडू त्यांना दिसतच नव्हता. आम्हालाही दिसत नव्हता. क्षणभर सगळे मैदान चिडीचूप झाले आणि चेंडू गवतावर पडल्याचे कळले ते डगआउटमधून उठलेल्या आरोळीमुळे. धाव पूर्ण झाली, 7-6, आणि स्टॅनफर्ड ओमाहाला निघाले. मी नंतर दूरचित्रवाणीवरचे चित्रण पाहिले. त्यात चेंडू कुठे पडतो ते व्यवस्थित दिसते, पण ती शांतता त्यात नाही.

जूनपर्यंत तुम्ही थांबणार नसल्यामुळे तुमच्या वाट्याला एप्रिल-मेमधला साधा साखळी सामनाच येईल, आणि पहिल्या वेळेला तो पुरेसा आहे. शनिवार-रविवारला जोडून तीन सामन्यांची मालिका असते. प्रथेप्रमाणे संघ आपला सर्वांत चांगला पिचर शुक्रवारी उतरवतो, तेव्हा शक्यतो शुक्रवारची संध्याकाळ निवडा. तिकीट व्यावसायिक सामन्याच्या मानाने खूपच स्वस्त असते. पॅलो अॅल्टोच्या कॅलट्रेन स्थानकावर उतरून चालतही जाता येते.

बसण्याची जागा होम प्लेटच्या मागची घ्या. तिथे जाळी असते, त्यामुळे मागे उडालेल्या फाउल चेंडूची भीती राहत नाही. बाजूच्या जागांवर, जाळी संपते तिथे, नातवंडांना घेऊन बसू नका, कारण चेंडू जवळजवळ आपल्या सीझन चेंडूइतकाच जड असतो आणि धातूच्या बॅटवरून येतो. जाळीमागे काही माणसे वेग मोजण्याची यंत्रे पिचरवर रोखून आणि वह्या उघडून बसलेली दिसतील. ते व्यावसायिक संघांचे पारखी असतात. त्यांच्याशी गप्पा मारण्याचा प्रयत्न मी एकदा केला, तो यशस्वी झाला नाही.

एक चूक सगळे क्रिकेटवाले करतात. बॅटची कड लागून चेंडू मागे गेला की आपण टाळ्या वाजवतो, कारण आपल्याकडे त्याला थर्डमॅनचा चौकार म्हणतात. इथे तो फाउल, म्हणजे एक स्ट्राइकच, फक्त तिसरा स्ट्राइक तसा मोजत नाहीत. पहिल्या तीन इनिंगमध्ये एवढेच लक्षात ठेवा, की तीन स्ट्राइकला बाद, चार बॉलला (म्हणजे मारण्याजोग्या टापूबाहेर टाकलेल्या आणि बॅटरने सोडलेल्या चेंडूंना) पहिला बेस फुकट आणि तीन जण बाद झाले की बाजू बदलली. शाळेत सॉफ्टबॉल खेळले असाल तर तेही शिकावे लागणार नाही. बाकीचे पुढच्या रांगेतल्या माणसाला विचारावे.

खाण्याबाबत फार अपेक्षा ठेवू नका. शाकाहारी माणसाची भिस्त पॉपकॉर्न आणि नाचोजवर असते. आजूबाजूला सूर्यफुलाच्या बिया फोडून सालपटे पायांशी टाकणारे लोक दिसतील, खेळाडूही तेच करतात, तेव्हा कुणी शिस्त लावायला जाऊ नये. आत पिशवी न्यायची असेल तर तिचे नियम आदल्या दिवशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

आणि स्वेटर न्या. दुपारी घाम काढणारे ऊन असले, तरी सूर्य झाडांमागे गेला की या खड्ड्यात गारठा उतरतो, आणि साधारण सहाव्या इनिंगला, सामना रंगात आलेला असताना, मुली-जावयाला ‘चला आता’ म्हणावे लागते. माझ्या वडिलांनी ती वेळ येऊ दिली नाही. त्या वहीवाल्या गृहस्थांनी आपली जादा शाल त्यांच्या गुडघ्यांवर टाकली होती.